लंकेला नेण्याची पुस्तकं: खानदेशातून जाणाऱ्यांसाठी निवड, दुकानं आणि जपणूक

श्रीलंकेला जायचं आणि तिथलं साहित्य तिथंच वाचायचं, असं ठरवलं की पहिला प्रश्न पिशवीचा येतो. काय इथून न्यायचं आणि काय तिथं विकत घ्यायचं? बरेच जण याचं उत्तर नेमकं उलटं देतात. बुकर मिळालेल्या कादंबऱ्या कोलंबोत महागड्या आयात आवृत्तीत घेतात आणि जे फक्त लंकेतच छापलं जातं, ते न बघताच परत येतात. खाली काही पुस्तकांचा, ती मिळण्याच्या दुकानांचा आणि ती ज्या गाडीत, ज्या गावात वाचायची त्या जागांचा हिशेब मांडला आहे. तो जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. आपल्या भागातल्या माणसाला त्यांतली काही पुस्तकं इतरांपेक्षा जास्त भिडतील आणि नेमकी तीच नेहमीच्या याद्यांत मागे पडतात.

आधी ओळखायची खूण. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर आयएसबीएन असतो. ९७८ नंतर ८१ किंवा ९३ असेल तर पुस्तक भारतातलं. ९५५ किंवा ६२४ असेल तर लंकेतलं. ज्याची भारतीय आवृत्ती आहे ते इथूनच घ्यावं, स्वस्त पडतं. ९५५ आणि ६२४ वाली पुस्तकं मात्र तिथं दिसताक्षणी घ्यावीत. लहान प्रकाशक, थोड्या प्रती. गावी परतल्यावर मागवू म्हटलं तर मिळत नाहीत. एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन लंकन रुपये मिळतात, त्यामुळे किमतीचा आकडा बघून दचकू नये. आधी भागाकार करावा.

वाचनाची सुरुवात मात्र लंकेत करायचीच नाही. ती जळगावपासून साठेक किलोमीटरवर करायची: अजिंठा, लेणं क्रमांक १७. तिथल्या भिंतीवर सिंहल अवदानाचं भलंमोठं चित्र आहे. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे सोबत्यांसह जहाज फुटून राक्षसींच्या बेटावर लागतो, उडणारा घोडा त्याला वाचवतो, एक राक्षसी त्याच्या मागोमाग राजवाड्यापर्यंत येते आणि शेवटी सिंहल सैन्य घेऊन ते बेट जिंकतो. हत्ती, घोडे, नावा, भाले असा गच्च भरलेला देखावा आहे. सोमवारी लेणी बंद असतात. आत उजेड मंद असतो, म्हणून सकाळची वेळ धरावी आणि आधी कथा वाचून जावं, नाहीतर चित्रात कोण कोण आहे ते लागत नाही. एक घोळ नेहमी होतो: ही कथा आणि विजय राजाची कथा एकच समजली जाते. त्या दोन वेगळ्या आहेत. विजयाची कथा 'महावंसा'तली.

'महावंस' हा पाली भाषेतला लंकेचा पद्य इतिहास. विल्हेल्म गायगर यांचं १९१२ चं इंग्रजी भाषांतर फुकट उतरवून घेता येतं आणि मोबाइलवर ठेवायला हेच पुस्तक सगळ्यांत योग्य, कारण ते सलग वाचायचं नसतं. ३७ प्रकरणं आहेत. सहावं-सातवं विजयाच्या आगमनाचं. त्यात आपल्या ओळखीची एक जागा येते: देशोधडीला लागलेला विजय आणि त्याचे सातशे साथीदार आधी सुप्पारक बंदराला लागतात, तिथं त्यांच्या दांडगाईमुळे टिकाव लागत नाही आणि मग ते लंकेकडे निघतात. सुप्पारक म्हणजे सोपारा. नंदुरबार-सुरतेवरून मुंबईला जाणाऱ्या गाडीतून नालासोपारा मागे पडतं, तेव्हा हे सहावं प्रकरण उघडावं. तेरावं-चौदावं महिंद थेरांच्या (अशोकपुत्र महेंद्राच्या) आगमनाचं, ते मिहिंतलेच्या पायऱ्या चढण्याच्या आदल्या रात्री. बावीस ते बत्तीस दुट्ठगामणी राजाची, ती अनुराधपुरात, रुवनवेलि स्तूप पाहायच्या आधी. ही अकरा प्रकरणं वाचताना एक भान ठेवावं: हा भिक्षूंनी, भिक्षूंच्या दृष्टीनं लिहिलेला इतिहास आहे आणि विसाव्या शतकातल्या सिंहली-तमिळ वादात त्याचा वापर झाला आहे. जाफन्याला जाणार असाल तर हे ठाऊक असलेलं बरं.

मराठी माणसाच्या पिशवीत एक मराठी पुस्तक असायलाच हवं: धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन'. १९२४ साली प्रसिद्ध झालेलं हे आत्मकथन. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या शोधात हिंडत १९०२ मध्ये कोलंबोला पोचला, विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकला, तिथंच श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्षू झाला. भाषा साधी, कुठं आव नाही. विद्योदयची स्थापना १८७३ ची. कोलंबोच्या मरदाना भागात मालिगाकंद इथं ते अजून उभं आहे. पुस्तकातलं लंकेचं प्रकरण आदल्या रात्री वाचून सकाळी तिथं जावं. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत, शांतता असते. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घालावेत, पादत्राणं बाहेर काढावीत. लेखक १९४७ मध्ये गेले, त्यामुळे आपल्याकडे या मजकुरावर आता स्वामित्वहक्क नाही.

मरदानालाच जायचं तर दुसरं काम तिथंच उरकतं. एस. गोडगे आणि बंधू या प्रकाशकांचं दुकान त्याच भागात आहे. सिंहली पुस्तकांचा साठा प्रचंड, इंग्रजीचं कपाट त्या मानानं लहान, पण त्या कपाटातली पुस्तकं दुसरीकडे सहज दिसत नाहीत. इंग्रजीत लिहिणारे लंकन लेखक हवे असतील तर कोल्लुपिटियात गॉल रोडवरचं बेअरफूट. तिथं निवड चांगली आहे, स्थानिक विषयांची कपाटं वेगळी लावलेली असतात, पण वातावरण पर्यटकांचं. विजिता यापा आणि सरसवी यांच्या शाखा अनेक आहेत. शालेय पुस्तकांच्या मागे साहित्याचं कपाट शोधावं लागतं, पण विचारलं की काढून देतात. तमिळ पुस्तकांना पूबालसिंगम. जुन्या पुस्तकांसाठी डी. आर. विजेवर्धन मावत रस्त्यावरची टपऱ्यांची रांग. तिथं भाव करता येतो. दरवर्षी सप्टेंबरात भंडारनायके सभागृहात मोठं पुस्तक प्रदर्शन भरतं. त्या वेळी जाणं जमलं तर बाकी दुकानं फिरायची गरज नाही.

टपऱ्यांवर घेताना एक पथ्य. दुर्मिळ जुनी पुस्तकं, ताडपत्राच्या पोथ्या, पुराण्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. कोणी ताडपत्राचं बाड स्वस्तात देऊ करत असेल तर हात लावू नये. ते बनावट तरी असतं, नाहीतर विमानतळावर अडकवतं.

नवं पुस्तक घेतानाही काउंटरवर दोन मिनिटं थांबून फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेले सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, तपासावेत. लंकेतल्या छोट्या छापखान्यांची बांधणी बहुधा नुसत्या डिंकाची असते, शिवण नसते. १६, ३२, ४८ अशा पानांपाशी उघडून आकडा सलग पुढे जातो का ते बघावं. फर्मा उलटा लागणं, एखादा गळणं किंवा पानाची एक बाजू कोरी राहणं हे प्रकार तिथं घडतात. उघडताना पाठीचा कडकड आवाज आला तर ती प्रत सोडून दुसरी मागावी. वाळलेला डिंक चौथ्या दिवशी पानं सोडतो. बाहेरगावच्या गिऱ्हाईकाला परत येऊन बदलून घेता येत नाही, म्हणून हे सगळं पैसे देण्याआधी.

दुकानांच्या वेळांचा सगळ्यांत मोठा फटका पोयाचा बसतो. दर पौर्णिमेला लंकेत सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी पुष्कळ दुकानं बंद. रविवारीही बरीच बंद असतात. १३-१४ एप्रिलच्या सिंहली-तमिळ नववर्षाला तर आठवडाभर बाजार सुस्त असतो. निघण्याआधी कॅलेंडरात पौर्णिमा बघून कोलंबोचा दिवस ठरवावा.

कोलंबोत वाचायची कादंबरी म्हणजे शेहान करुणातिलक यांची 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा', २०२२ चं बुकर. १९९० चं कोलंबो, मेलेला छायाचित्रकार, त्याला मिळालेल्या सात रात्री आणि सगळं निवेदन 'तू' असं संबोधून. प्रेतं बेइरा तलावात टाकली जातात, तो तलाव शहराच्या मधोमध आहे. काठावर बसून ती पानं वाचली की अंगावर काटा येतो. इथं पैसे वाया जाण्याची एक जागा आहे, तिच्याकडे लक्ष द्यावं: २०२० मध्ये भारतात 'चॅट्स विथ द डेड' या नावानं आलेली कादंबरी ही याच कादंबरीची आधीची आवृत्ती. दोन्ही घेऊ नयेत. 'सेव्हन मून्स' परदेशी वाचकासाठी सोपी करून पुन्हा लिहिलेली आहे, त्यामुळे लंकेचं राजकारण न कळणाऱ्यानं तीच घ्यावी. शिवाय पाच सालं कागदावर लिहून पुस्तकात खोचावीत: १९५६ सिंहली हीच राजभाषा करणारा कायदा, १९८३ तमिळांविरुद्धची दंगल, १९८७ भारत-लंका करार आणि आपली शांतिसेना, १९८७ ते ८९ दक्षिणेतलं जेव्हीपी या डाव्या पक्षाचं बंड, २००९ युद्धाचा शेवट. ही सालं नसतील तर शंभर पानांनंतर कोण कोणाला मारतंय तेच कळत नाही आणि दोष कादंबरीला दिला जातो. भाषा शिवराळ, प्रसंग रक्ताळलेले. शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये. क्रिकेटवेड्या घरात मात्र याच लेखकाची 'चायनामन' न्यावी. एका दारुड्या क्रीडापत्रकारानं विस्मरणात गेलेल्या फिरकी गोलंदाजाचा घेतलेला माग, तुकड्या-तुकड्यांत लिहिलेला. प्रवासात कुठंही सोडावा, कुठूनही धरावा.

कोलंबो ते गॉल ही समुद्राला लागून जाणारी गाडी वाचनासाठी अर्धीच कामाची. दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे. दुपारनंतर त्याच बाजूनं ऊन आत येतं आणि पाणी इतकं चकाकतं की पान दिसत नाही, म्हणून सकाळची गाडी धरावी. प्रवास अडीच-तीन तासांचा. एवढ्यात मार्टिन विक्रमसिंहे यांचं 'मडोल दूव' बरंचसं वाचून होतं. १९४७ ची ही किशोरकथा. उपाली गिन्नीवेल्ले हा उनाड मुलगा आणि जिन्ना हा त्याचा सोबती घर सोडून खाडीतल्या ओसाड बेटावर जाऊन शेती करतात. अॅशली हल्पे यांचं इंग्रजी भाषांतर हलकं आणि खेळकर आहे. आठवी-नववीच्या मुलांना चालेल.

मोठ्यांसाठी याच लेखकाची 'गंपेरळिय' (१९४४), इंग्रजीत 'अपरूटेड'. गम म्हणजे गाव, पेरळिय म्हणजे उलथापालथ. गॉलजवळच्या खेड्यातलं एक मोठं घराणं, मान आहे पण पैसा आटत चाललेला; त्या घरची नंदा आणि तिला इंग्रजी शिकवायला येणारा, व्यापारात पुढं जाणारा पियल. सरंजामी वाडा खचतो आणि दुकानदार वर येतो, हे आपल्याकडच्या देशमुखी वाड्यांत आणि कापसाच्या पेढ्यांत झालेलं आहे; ओळख पटायला वेळ लागत नाही. भाषांतराची अडचण दुसरीच आहे. पदव्या आणि नाती मूळ शब्दांत ठेवलेली असतात आणि वाचक अडखळतो. म्हणून एवढे शब्द आधी पाठ करावेत: वलव्व म्हणजे वाडा, मुहंदिरम म्हणजे सरकारनं दिलेला मानाचा हुद्दा, महत्तया म्हणजे साहेब, अय्या थोरला भाऊ, मल्ली धाकटा भाऊ, अक्का थोरली बहीण, नंगी धाकटी बहीण. शेवटचा शब्द मराठी कानाला खटकतो, पण तिथं तो रोज हाक मारण्याचा आहे. पहिली चाळीस पानं संथ आहेत. सण, खेळ, जेवणं यांची वर्णनं. ती गाळू नयेत, पुढं जे मोडतं ते हेच.

गॉलपासून बसनं अर्ध्या तासावर कोग्गला. विक्रमसिंहे यांचं जन्मघर आणि लोककला संग्रहालय एकाच आवारात आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानदळानं गाव रिकामं केलं, त्यातून हे घर वाचलं. आत वल्ह्यांच्या होड्या, मुखवटे, शेतीची अवजारं मांडली आहेत; कादंबरीत न कळलेल्या वस्तू इथं डोळ्यांनी दिसतात. म्हणून आधी निम्मी कादंबरी, मग संग्रहालय, मग उरलेली निम्मी. लेखकाची पुस्तकं आवारातही मिळतात.

आता ज्या पुस्तकासाठी हे सगळं लिहिलं त्याच्याकडे. लिओनार्ड वुल्फ, 'द व्हिलेज इन द जंगल', १९१३. लेखक इंग्रज, १९०४ मध्ये नोकरीवर आलेला, १९०८ ते १९११ हंबनटोटाचा अधिकारी. तरी लंकेतले वाचक या कादंबरीला आपली मानतात, सिंहलीत तिचं भाषांतर आहे आणि तिच्यावर चित्रपटही निघाला. बेद्देगम हे रानातलं खेडं. सिलिंदू हा शिकारी, त्याच्या दोन मुली, गावचा पाटील बाबेहामी आणि उधारी देणारा फर्नांडो. रान जाळून एक हंगाम पिकवायची जागा म्हणजे हेन. इंग्रजी पुस्तकांत चेना. तिचा परवाना पाटलाच्या हाती. परवाना नाही तर पेर नाही, पेर नाही तर उधारी, उधारी फेडायला पुढचं पीक आधीच लिहून दिलेलं. खळ्यावरून धान्य घरी न येता सरळ सावकाराकडे जातं. हे समजावून घ्यायला खानदेशी माणसाला तळटीप लागत नाही.

लंका म्हटलं की आपल्याकडे हिरवंगार, ओलं, नारळाचं बेट डोळ्यांपुढं येतं. ते खरं आहे, पण फक्त नैर्ऋत्येचं. उरलेला मोठा भाग कोरडा म्हणून ओळखला जातो. हंबनटोटाला वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या जळगावपेक्षा जास्तच. मग दुष्काळ का? कारण तो ऑक्टोबर ते डिसेंबरात बराचसा उतरतो, पुढं महिनोन्महिने कोरडा वारा आणि ऊन. पाणी साठवलं नाही तर उडून जातं. कादंबरीतलं गाव तलाव गाळानं भरल्यामुळे मरणाला लागलेलं आहे. पहिल्या प्रकरणात रानाचं वर्णन सात-आठ पानं चालतं. तिथं कथा सुरू होत नाही म्हणून पुस्तक मिटू नये; रान हेच त्यातलं मुख्य पात्र आहे. तिस्समहारामला मुक्काम करून, दुपारच्या उन्हात, 'याला' नावाच्या अभयारण्याच्या सफरीच्या आदल्या दिवशी हे वाचावं. दोन बैठकींत होतं. इंग्रज कायदा आणि खेड्यातला माणूस यांची कोर्टातली भेट हे यातलं सर्वोत्तम प्रकरण. तो न्यायाधीश वाईट नाही, तरी त्याला समोरच्याचं काहीच कळत नाही. लेखक गोऱ्या राज्याचा नोकर होता, गावकऱ्यांना तो कधीकधी जनावरांच्या उपमा देतो. ते खटकतं आणि खटकायलाच हवं. तरीसुद्धा एकच पुस्तक न्यायचं असेल तर हे.

त्याच्या जोडीला पाण्याचं दुसरं टोक वाचावं. 'महावंसा'च्या पुढचा भाग 'चूळवंस', त्याच्या ३८ व्या प्रकरणात धातुसेन राजाची गोष्ट आहे. मुलगा कश्यप त्याला कैद करून खजिना मागतो. राजा त्याला कलावेवा तलावाकडे नेतो, ओंजळीत पाणी घेतो आणि माझी संपत्ती ती एवढीच, असं सांगतो. वेव म्हणजे तलाव. बाराव्या शतकातला पराक्रमबाहू तर पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू देऊ नये, असं म्हणतो. पांझरा-मोसमच्या खोऱ्यात फड पद्धतीनं बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीनं वाटून घेणाऱ्यांना पोलोन्नरुवाचा पराक्रम समुद्र हा त्याचा तलाव बघताना हे वाक्य आठवायला हवं. पोलोन्नरुवात पोतगुल विहार नावाचे अवशेष आहेत. सिंहलीत पोत म्हणजे पुस्तक, आपली पोथीच ती; हे ग्रंथालय असावं असं मानतात. मुख्य अवशेषांपासून दूर दक्षिणेला असल्यामुळे गाइड टाळतात, मुद्दाम सांगून न्यायला लावावं.

सिगिरिया म्हणजे याच कश्यपाचा खडकावरचा किल्ला; तिथलं साहित्य भिंतीवर आहे. कश्यपाच्या मागे काही शतकांनी वर चढलेल्या लोकांनी चकचकीत गिलाव्याच्या भिंतीवर चित्रातल्या स्त्रियांना उद्देशून कविता खरडल्या. सेनरत परणवितान यांनी ६८५ कविता लावून १९५६ मध्ये दोन खंडांत छापल्या. ते खंड विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये; वजन आणि किंमत दोन्ही झेपत नाहीत. सी. एच. बी. रेनॉल्ड्स यांनी संपादित केलेल्या प्राचीन सिंहली साहित्याच्या इंग्रजी संकलनात (१९७०) यांतल्या निवडक आहेत, तेवढ्या पुरतात. वाचायच्या त्या आदल्या रात्री. सुमारे १२०० पायऱ्या, अरुंद लोखंडी जिना, मागून येणारी रांग. तिथं पुस्तक उघडायला जागा नाही. भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे, भिंतीला हात लावायलाही.

कँडी ते बदुल्ला या डोंगरी गाडीत कादंबरी वाचायचा प्रयत्नच करू नये. डबा हलतो, बोगद्यांमागून बोगदे येतात, खिडकीतून डोळा निघत नाही. पट्टिपोल स्थानक सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. वाचायचं असेल तर तो, बघायचं असेल तर दुसरा वर्ग. या पट्ट्यात छोटं काहीतरी हवं. सी. व्ही. वेलुपिल्लै यांचं 'इन सिलोन्स टी गार्डन' त्यासाठीच: चहामळ्यातल्या तमिळ मजुरांची काव्यात्म चित्रं, मळ्यातच जन्मलेल्या माणसाच्या हातची. ते १९४७ मध्ये तलवाकेलेतून संसदेत निवडून गेले आणि पुढच्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्यानं मळ्यातले बहुसंख्य मजूर बिननागरिक झाले. तलवाकेले हे याच मार्गावरचं स्थानक. पुस्तक दुकानात सहज दिसत नाही. जुन्या टपऱ्यांवर किंवा तमिळ दुकानांत विचारावं. नाही मिळालं तर पुण्यकांते विजेनायके यांची 'गिरय' (१९७१) घ्यावी, एका वलव्वमधली घुसमट, बारीक चणीचं पुस्तक. गिरय म्हणजे अडकित्ता. दोन पात्यांत सापडलेल्या सुपारीसारखी घरातली माणसं. पावसात डोंगरी मार्ग दरडींनी बंद पडतो, म्हणून आठवडाभर आधी चौकशी करावी.

उत्तरेच्या गाडीत मात्र वाचन जमतं. कोलंबो फोर्ट ते जाफना जवळपास ४०० किलोमीटर, सहा ते आठ तास, बराचसा रस्ता सपाट. रुळांची रुंदी आपल्यासारखीच १६७६ मिलिमीटर, त्यामुळे भुसावळकरांना डबा परका वाटत नाही. युद्धात १९९० पासून वावुनियाच्या पुढं बंद असलेली ही गाडी ऑक्टोबर २०१४ मध्ये पुन्हा जाफन्याला पोचली. या प्रवासासाठी अनुक अरुद्प्रगासम यांची 'अ पॅसेज नॉर्थ' (२०२१) जणू बेतून लिहिली आहे. क्रिशन नावाचा तरुण आजीची शुश्रूषा करणाऱ्या राणी नावाच्या बाईच्या अंत्यविधीला कोलंबोहून गाडीनं किलिनोच्चीला जातो. तीन भाग आहेत: निरोप, प्रवास, दहन. पहिला भाग कोलंबोत आदल्या रात्री, दुसरा गाडीत, तिसरा जाफन्यात पोचल्यावर. वाक्यं पानपानभर लांब, अवतरणचिन्हांतला संवाद एकही नाही. घाईनं वाचणाऱ्याला ही कादंबरी कंटाळवाणी वाटेल. पण मध्येच 'मेघदूत' येतं, अश्वघोषाचं 'बुद्धचरित' येतं आणि मराठी वाचकाला अचानक पायाखाली ओळखीची जमीन लागते. किलिनोच्चीनंतर गाडी हत्तीघाटाच्या (एलिफंट पास) खाजणातून जाते, दोन्ही बाजूंना पाणी. तिथं पुस्तक खाली ठेवावं.

जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय १ जून १९८१ च्या रात्री जाळलं गेलं. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि हस्तलिखितं गेली. आज पांढरीशुभ्र इमारत पुन्हा उभी आहे, आत मुलं अभ्यास करत बसलेली असतात. एम. ए. नुहमान यांची या घटनेवरची तमिळ कविता इंग्रजीत मिळते: साध्या वेशातले पोलीस बुद्धाला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या घालतात, अशी तिची कल्पना. एका पानाची आहे. लिहून घेऊन जावी, बाहेरच्या पायऱ्यांवर बसून मनात वाचावी. आत मोठ्यानं नको, तिथं वाचणारे आहेत आणि त्यांच्यातल्या काहींच्या घरी हे घडलेलं आहे.

राहिली जपणूक. आपल्याकडच्या कोरड्या हवेत वाढलेली पुस्तकं लंकेच्या दमट हवेत दोन दिवसांत फुगतात, पानं लाटांसारखी होतात, कव्हर वळतं. कारण कागद हवेतलं पाणी शोषतो आणि कव्हरचं लॅमिनेशन ते शोषत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण बिघडतो. वाचून झालं की पुस्तक झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. वातानुकूलित खोलीतून थंड पुस्तक एकदम बाहेर नेऊन उघडू नये, पानांवर दव धरतं. पिशवीतच अर्धा तास राहू द्यावं. भिजलंच तर पंख्याखाली उभं ठेवावं, दर दहा पानांत टिपकागद, उन्हात अजिबात नाही. घरी आल्यावर दोन दिवस सावलीत उघडं ठेवून मगच कपाटात. लगेच कोंबलं तर बुरशीचे तपकिरी ठिपके शेजारच्या पुस्तकांनाही लागतात.

डेमी आकाराचं तीनशे पानी पेपरबॅक सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. जाताना तीन आणि येताना आठ, म्हणजे अडीच किलोच्या वर. विमानातल्या हातातल्या सामानाला बहुधा सात किलोची मर्यादा असते. पुस्तकं हातात आणि कपडे खालच्या बॅगेत, असं भरावं. वेळ निवडताना मे महिन्याची सुट्टी दक्षिण किनाऱ्याच्या पावसात सापडते, दिवाळीची सुट्टी सगळ्या बेटावरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात. दक्षिण आणि डोंगर यांना जानेवारी ते मार्च चांगला. मुलांच्या शाळेमुळे मेमध्येच जायचं असेल तर क्रम उलटा करावा: आधी अनुराधपूर, जाफना आणि पोलोन्नरुवा, तिथं तेव्हा कोरडं असतं, आणि कोग्गला शेवटी, 'अपरूटेड'ची उरलेली पानं पावसात खिडकीशी बसून वाचायला.